ज्याची चाळणी ढोबळ, त्याची नदी स्वच्छ

मी एक जुनी चाळणी आहे. पिठाची नव्हे मित्रांनो, पाण्याची. चाळणीने पाणी भरायला निघालेल्या माणसाला तुम्ही वेड्यात काढता ना? माझा निम्मा जन्म त्या वेडातच गेला.

जाळी विणणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. केसासारख्या पोलादी तारा त्याने उभ्या-आडव्या विणल्या आणि त्यांच्याभोवती पितळेचं कडं ठोकलं. मग डोळ्याला भिंग लावून माझं एकेक भोक तपासलं. "चाळणीची अब्रू तिच्या भोकात असते," तो म्हणाला, "एक जरी फाकलं, तरी उरला तो नुसता डबा." मिठाचा कण अडावा आणि पीठ गळून जावं, एवढी माझी भोकं. पुढे रस्ते बांधणाऱ्यांकडे मी वाळू चाळली. तिथे माझं कडं चेपलं, आवाज खरखरीत झाला. पण जाळी शाबूत राहिली. म्हणून मला नदीकाठच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत धाडलं.

तिथे ताई भेटली. ताई म्हणजे पाण्यातले प्लास्टिकचे बारीक कण मोजणारी संशोधक. लेक झाल्यावर ती नुकतीच कामावर परतली होती. अर्धी झोप डोळ्यांत आणि वेळेची सदा ओढाताण. दुपारी तिच्या सासूबाई चिमीला घेऊन यायच्या. ताई शेजारच्या खोलीत तिला पाजायची, थोपटायची आणि पुन्हा माझ्यापाशी यायची. मला धुताना तिचे हात असे चालत, जणू मीही तिचंच बाळ.

नदीच्या वरच्या अंगाला गालिचे आणि दुलया धुण्याचे कारखाने होते. खालच्या अंगाला गावाच्या पाण्याची विहीर. तेच पाणी उकळून चिमीचं वरचं दूध कालवलं जाई. धुलाईच्या पाण्याला गाळणी लावायचा नियम करावा की नाही, हे एका बैठकीत ठरणार होतं. नियमाला आकडा हवा होता आणि आकडा माझ्यातून निघणार होता.

ताईने नदीचं घागरभर पाणी माझ्यातून ओतलं. माझ्या जाळीवर राहिले मोजके चार-दोन तुकडे. पाणीखात्याचे साहेब खूश झाले.

"वा! नदी म्हणजे आरसा आहे आरसा," ते म्हणाले. "नियमबियम कशाला? उगाच कारखानदारांच्या डोक्याला ताप."

मित्रांनो, माझी छाती फुगली. चाळणीला छाती नसते, कडं असतं. तेच फुगलं म्हणा.

ताईचं मात्र समाधान झालं नव्हतं. तिने कपाटातून एक नवी चाळणी काढली आणि माझ्या खाली बसवली. आमच्यात चाळण्या अशाच एकावर एक रचतात, मोठ्या भोकाची वर, बारीक भोकाची खाली. सासूबाईंनी लगेच आमचं नामकरण केलं, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. धाकटीची भोकं डोळ्याला दिसतच नव्हती. तिच्यातून पाणीसुद्धा विचार करून उतरायचं.

ताईने पुन्हा घागर ओतली. माझ्यावर तेच चार-दोन तुकडे. मग तिने धाकटीवरचा गाळ काचेच्या बशीत घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई!"

बशीत नुसती जत्रा भरली होती. निळे तंतू, काळे तंतू, लाल खपल्या, काचेसारखे तुकडे आणि सगळ्यांत जास्त गुलाबी धागे. हे सारं माझ्या अंगातून गेलं होतं आणि मला कळलंही नव्हतं! मी थिजलेच. वाळूच्या ढिगाखाली चेपले, तेव्हासुद्धा मला असा धक्का बसला नव्हता.

तेवढ्यात सासूबाई चिमीला घेऊन आल्या. चिमी गुलाबी दुलईचं टोक चोखत होती. दुलई मऊ, लोकरीसारखी, पण लोकरीची नव्हे, प्लास्टिकच्या धाग्याची. ताई सूक्ष्मदर्शकातून वर बघते तो समोर तोच गुलाबी रंग. ती पांढरीफटक पडली. तिने आपल्या खांद्याकडे पाहिलं. चिमीला थोपटून थोपटून कोटाच्या खांद्यावर गुलाबी लव चिकटली होती. तिने घाईघाईने दुसरी बशी पाहिली. त्या बशीत नुसतं निर्मळ पाणी ठेवतात, खोलीतल्या हवेतून पडणाऱ्या धाग्यांची फसवणूक पकडायला. तीत एकही तंतू नको होता. तीतही गुलाबी धागे पोहत होते.

साहेबांना हसू आवरेना. "घ्या! नदी स्वच्छ, तुमची पोर मळकी! उद्या कारखान्यांऐवजी पाळण्यांना गाळणी लावा."

"हसा साहेब," ताई म्हणाली. तिने चिमीच्या तोंडातून दुलईचं टोक सोडवलं. "ही दुलई चिमी दिवसभर चोखते."

त्यावर साहेबांनी हसू आवरतं घेतलं. मग म्हणाले, "हे बघा ताई, तुमचं हे धाकटीचं प्रकरण बाद झालं. बैठकीत थोरलीचाच आकडा द्या. जगात कितीतरी ठिकाणी अशाच चाळण्या वापरतात."

ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "खरंच का गं? बाकीचे देश काय करतात?"

चिमीला मांडीवर घेऊन ताई सांगू लागली, "अमेरिकेने चेहरा धुवायच्या साबणातले प्लास्टिकचे मणी बंद केले, आई. कोरियानेही केले. युरोपने मुद्दाम घातलेल्या कणांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणलीय. नव्या धुलाईयंत्रांना गाळणी हवी असा कायदा फ्रान्सने लिहिला, पण अंमल रेंगाळलाय. कॅलिफोर्नियाने पिण्याच्या पाण्यातले कण मोजायला घेतले."

"आणि पाण्यात किती कण चालतील म्हणतात?"

"तो आकडा अजून कुणाकडेच नाही."

"म्हणजे पाट मांडले, ताटं घेतली, आणि चुलीवर काहीच नाही!"

"त्यात प्रत्येकाची चाळणी वेगळी. कुणाची जाळी एवढी, कुणाची तेवढी. त्यामुळे एका देशाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवताच येत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन बोलल्या, "ज्याची चाळणी ढोबळ, त्याची नदी स्वच्छ! सोपं आहे की मग."

ताईने मान झटक्यात वर केली. ते वाक्य तिने वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने खोली ओल्या फडक्याने पुसली. नवा सुती कोट घातला. चिमीला भेटायचं ते काम आटोपल्यावर, असं मन घट्ट करून ठरवलं. पलीकडच्या खोलीत चिमी रडत होती, तरी इकडे ताईच्या ओतण्याची धार ढळली नाही. या वेळी निर्मळ पाण्याची बशी कोरी निघाली. आणि नदीची? गुलाबी धागे खूप कमी झाले होते. पण गेले नव्हते. निळे, काळे, लाल तर होते तसेच. दुलई आमच्या खोलीत एकच होती. वरच्या कारखान्यांत तशा हजारो धुतल्या जात होत्या.

बैठकीला ताई आम्हा दोघी जावांना घेऊन गेली. सगळ्यांसमोर तिने एकाच घागरीतलं पाणी आमच्यातून ओतलं आणि दोन बशा पडद्यावर मोठ्या करून दाखवल्या. एक जवळजवळ रिकामी. दुसरीत ती जत्रा. खोलीत कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

अध्यक्षांनी विचारलं, "यातली खरी नदी कोणती?"

"दोन्ही खऱ्या," ताई म्हणाली. "खोटं एवढंच, की आकडा सांगायचा आणि चाळणीचं भोक सांगायचं नाही."

अध्यक्षांचा हात समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे चालला होता. तो मध्येच थांबला. साहेबांनीही आपला पेला हळूच दूर सारला. ते मी पाहिलं.

नियम झाला, मित्रांनो. धुलाईच्या पाण्याला गाळणी लागली. नियमाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की भोकाचं माप सांगितल्याशिवाय कुठलाही आकडा धरू नये. किती कण चालतील, तो रकाना मात्र आमच्याकडेही कोराच आहे.

ती गुलाबी दुलई? "फेकून दे," कुणीतरी म्हणालं. सासूबाई म्हणाल्या, "फेकून जाईल कुठे? फिरून नदीतच!" म्हणून ती झाकणाच्या काचेच्या बरणीत बसली आहे. चिमीला त्यांनी जुन्या सुती कपड्यांची दुलई शिवून दिली.

आणि मी? आता बरीचशी कामं धाकटी करते. मी फळीवर असते. माझ्यावर धूळ साचते आणि त्या धुळीतही काय काय असेल, या विचाराने मी अजून दचकते. परवा नुकतीच चालायला लागलेली चिमी खोलीभर धावली, मला ओढून घेतलं आणि माझ्या जाळीतून आईकडे बघून खुदकन हसली. तिचा उबदार श्वास माझ्या अंगातून आरपार गेला. त्यातलं मला काहीच धरता आलं नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला घासूनपुसून ठेवा, पण माझ्या भरवशावर निजू नका. उद्या कुणी छाती फुगवून म्हणालं, "आमचं पाणी अगदी स्वच्छ आहे हो," तर टाळ्या वाजवण्याआधी हळूच विचारा,

"कोणत्या चाळणीने?"