शनिवारची संकष्टी

अंबरीशला थांबवायचं तर गणपतीलाच मध्ये घालावं लागतं. नवरा माझा, पण माझं ऐकेल तर शपथ.

जानेवारीत तो सायकल घेऊन दक्षिण अमेरिकेत गेला, तेव्हा मला पाचवा महिना होता. "बाळ आल्यावर कुठला जातोयस, आत्ताच जा," असं मीच म्हटलं होतं. मोठेपणा नडतो तो असा. मार्चच्या मध्याला तो पेरूमधल्या अरेकिपा शहरात पोचला. तिथून तीन दिवस पेडल मारलं की चिलीची सीमा, आणि पलीकडून गुरुवारचं परतीचं विमान. इकडे नेदरलँड्समध्ये, आमच्या हूफडॉर्पला, कोरोनाच्या धास्तीने दुकानातली पिठं संपत होती आणि आईचं पुण्याहून येणं रद्द झालं होतं.

शनिवारी व्हिडिओ कॉलवर त्याचा गुडघा दिसला. नारळाएवढा सुजलेला. "काही नाही गं, निघतोय," म्हणाला. पडलो तरी नाक वर! मग मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बघितल्यासारखं केलं आणि ठोकून दिलं, "अरे, आज संकष्टी आहे."

संकष्टी गुरुवारीच होऊन गेली होती. दर महिन्याला त्याला मीच आठवण करायची, आणि या वेळी गडबडीत विसरले होते. उपासाच्या दिवशी तो सायकल चालवत नाही.

"मग थांबतो आज," तो मुकाट्याने म्हणाला. मी खूश. विमानापर्यंत एक दिवस हाताशी होताच.

रविवारी तो निघाला, आणि त्याच संध्याकाळी पेरूने सोमवार रात्रीपासून सीमा बंद केल्याचं जाहीर केलं. तो मंगळवारी पोचणार होता; शनिवारी निघाला असता तर सोमवारीच पार झाला असता. पोलिसांनी वाटेतूनच अरेकिपाला परत पाठवला.

मी घरभर फिरत राहिले. तेच डबे तीनदा पुसले. सुईणबाईंचा फोन आला, बाळंतपणाला सोबत एकच माणूस चालेल, कोण येईल? "नवरा," म्हणाले आणि फोन ठेवून ढसाढसा रडले. त्याला मीच तिथे बांधून ठेवलं होतं.

गुरुवारी, त्याच्या विमानाच्या वेळेला, मला राहवेना. फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तो चक्क हसला. "मंजू, मी तंबूत झोपतो. चंद्र रोज दिसतो मला. शनिवारपर्यंत चांगलाच झिजला होता तो. चतुर्थीचा असा असतो का?"

"मग थांबलास कशाला?"

"पाय टेकवत नव्हता. पण थांबतो म्हणायला जीभ रेटेना. तू निमित्त दिलंस."

"आणि उपास?"

"कसला उपास! दोनदा कोंबडीचं सूप प्यायलो."

मी इथे स्वतःला खात होते आणि हा सूप पीत होता! अशा शिव्या घातल्या की पोटातलं बाळसुद्धा हललं. हायसंही वाटलं, आणि हायसं वाटल्याचा आणखी राग आला.

माझं बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "पुढची कधी आहे गं?"

मी उठून या वेळी खरंच कॅलेंडर पाहिलं. "अकरा एप्रिल. शनिवारच."

"तोवर नाही आलो तर?"

त्याचा आवाज कापत होता. लग्नाच्या सात वर्षांत तो घाबरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"साबुदाणा भिजवीन," मी म्हणाले. "दोघांचा."