चार माणसांचं गरम पाणी

मी एक जुना फुसफुस्या आहे. हसू नका मित्रांनो, हेच माझं नाव. कारखान्याने मला लांबलचक नाव दिलं होतं, पण शिंपीकाकांच्या धाकटीने माझा आवाज ऐकला आणि मला हे नाव ठेवून मोकळी झाली.

मी माळ्यावर राहतो. पत्र्याची पेटी, दोन पंखे आणि पोटात पातळ पत्र्यांची चळत, एवढाच माझा संसार. इथली थंडी वाईट. खिडकी उघडावी तर ऊब पळते, बंद ठेवावी तर घर कोंदट होतं. म्हणून मी घरातली वापरलेली उबदार हवा बाहेर नेतो आणि बाहेरची ताजी, गार हवा आत आणतो. माझ्या पोटात दोघी एकाच पत्र्याच्या दोन बाजूंनी जातात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत, पण जाणारी आपली ऊब येणारीच्या हवाली करते. त्यातूनही जी उरते तिच्यावर मी शेजारच्या टाकीतलं अंघोळीचं पाणी तापवतो.

मला बसवताना मेकॅनिक बाईंनी विचारलं होतं, "माणसं किती?"

"चार," काकू म्हणाल्या. बाईंनी जिन्याजवळच्या माझ्या बटणांच्या पाटीवर आकडा चार केला.

काय दिवस होते ते! स्वयंपाकाची वाफ, थोरल्याच्या न संपणाऱ्या अंघोळी, धाकटीचे ओले केस, काकांची गरम इस्त्री, सगळ्याची ऊब माझ्याकडे यायची. शिंप्याचं घर, त्यामुळे सुताचा भुगाही भरपूर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काकू शिडी चढून माझी हवा गाळायची जाळी झाडत. "अगोबाई, केवढा कचरा गिळलास रे!" असं म्हणत. तेवढ्या कौतुकावर माझा महिना निघायचा.

मग थोरला परदेशी गेला. धाकटी दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, तिथेच तिचा संसार झाला. आणि एका हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतर शिडी कोणी हलवली नाही.

एका माणसाच्या श्वासाने हवा कितीशी तापणार? पण आकडा चारच होता. मी विजेच्या जोरावर चौघांचं पाणी तापवायचो. काका एक बादली घेत. बाकीचं टाकीतच निवायचं, आणि मी ते पुन्हा तापवायचो. मित्रांनो, कोणी वापरणार नाही हे माहीत असताना काम करत राहणं फार जड जातं.

जाळी तुंबली तेव्हा मी पाटीवरचा लाल दिवा लावला. काकांच्या डोळ्यांत तो खुपायला लागला, तसा त्यांनी त्यावर अस्तराचा तुकडा चिकटवला. धाकटीच्या खोलीत माझी हवा सोडणाऱ्या झरोक्यातून गार वारा येतो, म्हणून तिथे चिंध्यांचा बोळा कोंबला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण मला तोंड कुठे आहे?

त्या खोलीची भिंत ओलीने काळी पडली. गेल्या वर्षी धाकटी तान्ह्या मुलीला घेऊन आली. पोर अख्खी रात्र खोकली आणि दुसऱ्याच दिवशी दोघी परत गेल्या. यंदा तिचा फोन आला. "बाबा, येतेय मी. पण खोली तशीच असेल तर आम्ही लॉजवर उतरू हं."

काकांनी सगळा राग माझ्यावर काढला. मेकॅनिक बाईंना बोलावून म्हणाले, "हा काढून टाका. गार वारं फेकून यानेच घर नासवलंय. माझी नात पळवली याने!"

माझं तर पाणी पाणी झालं. बाई वर आल्या. आता त्यांना चष्मा लागला होता. त्यांनी जाळी ओढली तर सुताची गादीच हातात आली. मग खाली जाऊन झरोक्यातला बोळा काढला.

"काका, हा धडधाकट आहे. तुम्हीच याचा गळा आवळलाय."

काका बोळ्याकडे बघत राहिले. "मला वाटलं, रिकाम्या खोलीला हवा कशाला."

"रिकाम्या खोलीलाच जपावं लागतं. तिथे ओल आली तरी बघायला कोणी नसतं." मग पाटीकडे बघून त्यांनी विचारलं, "आकडा अजून चारच? एक करू?"

"राहू द्या," काका म्हणाले.

महिन्याभरात भिंत सुकली. काकांनी स्वतः रंग दिला. धाकटी आली ती दोन दिवसांसाठी, आणि राहिली आठ दिवस. नात एकदाही खोकली नाही. टबमध्ये इतकं पाणी उडवायची की माझी टाकी संपायची. मित्रांनो, टाकी संपण्यात काय सुख असतं ते मला विचारा.

नवव्या दिवशी त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका धापा टाकत शिडी चढून आले. त्यांनी जाळी झाडली, अगदी काकू झाडायच्या तशी. मग खाली उतरून पाटीचं बटण दाबलं. तीन. दोन. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"दोन असू दे रे फुसफुस्या," ते म्हणाले. "कोणी अचानक आलंच तर गार पाण्याने अंघोळ नको."

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर कोणी माझ्यासारखा असेल. त्याची जाळी महिन्यातून एकदा झाडा, त्याच्या लाल दिव्यावर चिंधी चिकटवू नका. आणि ज्या घरात आता एकच माणूस राहतं, तिथे कधीतरी न कळवता जा. दुसऱ्या माणसाचं पाणी मी रोज तापवून ठेवतो. अजून तरी ते रोज निवून जातं.