बऱ्या झालेल्या गुडघ्यावरची पट्टी

मी चिकटपट्टी बोलतेय! जखमेवर लावतात ना, तीच. पिवळी, अंगावर निळे मासे असलेली. उत्साहानं माझ्या कडा आत्ताच सुटायला लागल्यात, म्हणून भरभर सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हापासून एकच स्वप्न होतं: कुणीतरी पडावं! ऐकायला वाईट वाटतं, पण आमचा धंदाच तसला. कपाटातल्या डब्यात आम्ही दहाजणी दाटीवाटीनं वाट बघत होतो. आणि एके दिवशी दाराशी जोरदार भोकाड ऐकू आलं. पाच वर्षांची टिल्ली! शेजारच्या चष्मूनं पळता पळता तिला धक्का दिला होता आणि गुडघा फुटला होता. पहिलीचा नंबर लागला. आम्ही नऊजणी जळून खाक!

मग रोज संध्याकाळी, आंघोळ झाली की एकेकीला बोलावणं येऊ लागलं. काल माझी पाळी आली. डब्यातली शेवटची मी! आईनं पाठीवरचा कागद सोलला, मी झेप घेतली आणि बघते तर काय, खाली जखमच नाही. गुळगुळीत, गुलाबी कातडी. मी चिकटले होते ती नुसत्या रागावर.

टिल्लीला पट्टी हवी होती ती दाखवायला. दूधवाला, टपालवाली, जो येईल त्याच्यासमोर पाय पुढे. "हे चष्मूनं केलं."

आज सकाळी आजोबा म्हणाले, "अगं, त्याला झाले की आठ-दहा दिवस!"

"पण पट्टी नवी आहे," टिल्ली म्हणाली.

आईची मात्र झोप उडाली होती. तशी ती शिकलेली. मुलं कशी वाढवावीत यावरची दोन जाडजूड पुस्तकं तिनं पेन्सिलीनं खुणा करकरून वाचलेली. तरी काल मला दाबून बसवताना बाबांना म्हणाली, "रोज नवी पट्टी मीच लावून देतेय. म्हणजे डूख धरायला मीच शिकवतेय की काय हिला? आणि नाही लावली तर माझ्यावर डूख धरेल!"

"मग मी लावू?" बाबा म्हणाले. त्यांना काय, पडल्या पडल्या घोरतात.

काळजी खरी होती. चष्मू रोज खेळायला यायचा आणि टिल्ली त्याच्या तोंडावर दार लावायची. दोन दिवसांपासून त्यानं येणंच बंद केलं होतं.

शेवटी आज आईनं विचारलं, "तो सॉरी म्हणाला ना तुला?"

"मला म्हणाला. गुडघ्याला कुठे म्हणाला?"

आईनं कपाळावर हात मारून घेतला नाही. (पुस्तकात तसं लिहिलं असावं.) ती चप्पल न घालताच शेजारी पळाली आणि चष्मूला घेऊन आली.

तो बिचारा माझ्यासमोर उकिडवा बसला. चष्मा नाकावरून घसरला. "सॉरी हं, गुडघ्या."

गुडघा गप्प.

"त्याला ऐकू येत नाहीये," टिल्ली म्हणाली. "मधे पट्टी आहे ना!"

आणि तिनं स्वतःच्या हातानं माझी कड धरली. अहो, काय सांगू, अंगभर गुदगुल्या! सर्रकन सुटले मी! टिल्लीनं मला आईच्या बाहीवर चिकटवून टाकलं.

"कुठे लागलं होतं?" चष्मू वाकून शोधू लागला.

"इथे. नाही, थांब, इथे." टिल्लीही शोधू लागली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. काही सापडेना.

"परत म्हण."

"सॉरी, गुडघ्या."

टिल्लीनं पाय पोटाशी ओढला आणि गुडघ्याला कान लावला.

मी आता आईच्या बाहीवर चिकटलेय. कडांना धूळ, अंगात दम नाही, थोड्या वेळात केरात जाईन. जाऊ दे! एवढंच मागणं आहे, बरं झालेलं झाकून ठेवू नका हो. आम्हाला खऱ्या जखमांसाठी राखा. थांबा, चष्मू काहीतरी विचारतोय.

"काय म्हणाला गुडघा?"

"हळू बोल," टिल्ली कुजबुजली. "झोपलाय तो. चल, आपण बाहेर खेळू."