उसात गेलेलं बोट

आमच्या अब्बांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. बीडला बार्शी नाक्यावर ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. तरुणपणी एका चालू इंजिनाच्या पंख्यात ते बोट गेलं, कारण रस्त्यानं वरात चालली होती आणि अब्बा हातातलं काम न सोडता नवरदेवाचा घोडा बघत होते. हा किस्सा ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचे. "घोडा लई भारी नाचत व्हता, अन् इकडं पंख्यानं बोट नेलं," असं म्हणून सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

ते बोट माझ्या भावानं विकलं. मी आफ्रीन, त्याची मोठी बहीण. बी.एड. केलंय, इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते. राग माझ्या नाकावर असतो असं घरात सगळे म्हणतात. असू दे. घरात आम्ही दखनी उर्दू बोलतो, पण इथं मराठीतच सांगते.

अरमान पुण्याहून कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन आला. प्रोग्रामिंगची बरी नोकरी मिळत होती, ती त्यानं नाकारली. त्याला म्हणे मुंबईला इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचं होतं. अब्बांना वाटलं, पोरगा काउंटरवर बसून नोटा मोजणार. मग अरमाननं समजावलं की एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असली की हे लोक मध्ये बसतात, भाव काढून देतात, पैसा उभा करून देतात.

"म्हंजे अडत्याच की," अब्बा म्हणाले. "मोंढ्यात ढीगभर हायेत. त्याला कॉम्प्युटर कशाला शिकायचा?"

"अब्बा, पगार तिप्पट हाय."

"हां, मग जा."

बँकांना आता कॉम्प्युटरवाली पोरं हवी असतात, हे खरं आहे. आकड्यांचे ढीग तिथं प्रोग्रामच उपसतात. लेखी परीक्षा अरमान सहज पास झाला. पण मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: तू कॉम्प्युटर शिकलास, मग इकडे का? खरं उत्तर पगार. पण ते द्यायचं नसतं. मग कुठलं द्यायचं, हे शिकवायला धर्मराज सर नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे युसूफ वडगावचे, आता मुंबईत राहून फोनवर पोरांची तयारी करून घेणारे. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि वरच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता.

"बीडचा हाईस ना बे? मग रडतोस कावून? आपल्या जिल्ह्याचं नाव घेतलं की ह्या लोकांच्या डोळ्यात पानी येतं. ऊस टाक त्यात. बापाला ऊसतोडीला पाठव."

मग अरमान आरशासमोर इंग्रजीत घोकायला लागला. त्या इंग्रजीत आमचे अब्बा ऊसतोड मजूर होते. त्यांचं बोट उसाच्या फडात कोयत्यानं गेलं होतं. मुकादमाचा हिशेब बघून लहानग्या अरमानला आकड्यांचं वेड लागलं होतं. आणि त्याची एक हुशार बहीण होती, तिचं आठवीतच लग्न लावून दिलं होतं. ती हुशार बहीण ओली सलवार हातात धरून दाराबाहेर उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरमान, हे काय बडबडतोयस?"

"आपा, नुसती स्टोरी हाय. सगळेच बनवतात."

"मग तुझी बनव की. तुझं बोट काप. अब्बांचं कशाला?"

"तू आवाज कमी कर. अन् अब्बांना इंग्रजी कुठं कळतं?"

हे तो इतक्या सहज म्हणाला की मला शिसारी आली. ज्या माणसानं गरम रेडिएटरवर हात भाजून घेत फी भरली, त्याला इंग्रजी कळत नाही एवढ्यावर हा पोरगा निर्धास्त होता. मी तशीच अब्बांना सांगायला खाली गेले.

खाली वेगळाच थाट चालला होता. शेवटची मुलाखत घरूनच, व्हिडिओवर होणार होती, आणि शेवटी बँकेच्या मोठ्या साहेबांना आईवडिलांना भेटायचं होतं. अरमाननं त्यासाठी मागची पत्र्याची खोली निवडली होती, जिथं जुने रेडिएटर पडलेले असतात. रेंज तिथंच चांगली येते, असं त्यानं अब्बांना सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं की कपडे दुकानातलेच राहू द्या. अब्बांनी रेंजचं ऐकलं, बाकीचं सोडून दिलं. मुंबईची एवढी मोठी माणसं घरात येणार, मग पडद्यावरून का होईना, ते पाहुणेच. अब्बा स्वतः भिंतींना चुना मारत होते. शेजारचे त्रिंबककाका, दिंद्रुडचे, एसटीत कंडक्टर, आपला नवा सोफा दारातून आत घ्यायची खटपट करत होते. आमच्या गल्लीत कुणाची मुलगी बघायला पाहुणे येणार असले की हा सोफा त्या घरी जातो. अम्मी शीरखुर्म्यासाठी बदाम सोलत बसली होती, ईद नसताना.

"अम्मी, ते पडद्यातून खाणार कसे?"

"खातील न्हाईतर न खातील. समोर तर दिसंल ना," अम्मी म्हणाली.

अब्बांच्या भुवयांवर चुन्याचे ठिपके उडाले होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. सांगायचं सोडून मी अम्मीशेजारी बदाम सोलायला बसले. मग मनात आलं, बरंच झालं की. हा सोफा आणि हे बदाम बघितल्यावर भावाचं पितळ आपोआप उघडं पडेल, मला वाईटपणा घ्यायची गरजच नाही.

मुलाखतीच्या दिवशी अब्बांनी ईदचा पांढरा कुर्ता घातला, अत्तरसुद्धा लावलं. तोवर वरच घोकत बसलेला अरमान खाली उतरला, खोली बघितली आणि त्याचा चेहरा पडला. बदलायला वेळ नव्हता. पडद्यावर एक मॅडम आणि दोन साहेब होते. आम्ही बाहेर थांबलो. आधी त्यांनी आकड्यांचं विचारलं, त्याची उत्तरं अरमाननं फडाफड दिली. हुशार आहे तो, ते मी नाकारत नाही. नुसत्या हुशारीवर काम झालं असतं का, ते आता कुणाला कळणार?

मग आम्हाला आत बोलावलं. अब्बा, अम्मी आणि मी सोफ्यावर बसलो, त्रिंबककाका कौतुकानं दारात उभे. मॅडमनी सोफा बघितला, शीरखुर्म्याच्या वाट्या बघितल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, खोली तर छान आहे तुमची. मी मनात म्हटलं, आता बोल.

 अरमान आवाज खाली आणून इंग्रजीतच म्हणाला, "मॅडम, सोफा शेजाऱ्यांचा आहे. तुम्ही भेटणार म्हणून मागून आणलाय."

यात एक शब्द खोटा नव्हता. मॅडमनी छातीवर हात ठेवला. एका साहेबांनी चष्मा काढून पुसला. आमचा पाहुणचार त्या लोकांनी आमची गरिबी म्हणून गिळला, आणि माझ्या भावानंच तो त्यांना भरवला. 

मग मॅडम हिंदीत अब्बांशी बोलल्या. "भाईसाहब, गन्ना काटते हुए आपकी उंगली गई ना? हमें दिखाएँगे?"

अब्बांना इंग्रजी येत नव्हती. हिंदी येत होती. याचा विचार ना अरमाननं केला होता, ना त्याच्या त्या सरांनी. अब्बांनी अरमानकडे बघितलं. अरमान लॅपटॉपच्या बटणांकडे बघत होता. अम्मीचा हात पदराशी थांबला. माझ्या जिभेवर इंग्रजी वाक्य तयार होतं, एकच, पण सगळ्याचा निकाल लावणारं. मी तोंड उघडलं आणि अब्बांनी डाव्या हातानं माझं मनगट दाबून धरलं. आपल्या माणसाला पाहुण्यांसमोर खाली पाहायला लावायचं नाही, जे बोलायचं ते पाहुणे गेल्यावर, हा आमच्या घरातला पहिल्यापासूनचा कायदा.

अब्बांनी उजवा हात वर केला आणि अर्धं बोट पडद्यासमोर धरलं.

"जी," ते म्हणाले. "गन्ने में गई."

साहेब लोक चुकचुकले. मॅडमनी माझ्याकडे वळून मायेनं विचारलं, "और ये बहन ना? कितने बच्चे हैं आपके?"

मनगटावरची पकड घट्ट झाली. "एक भी नहीं," मी म्हणाले. तेही खरंच होतं. मॅडमना माझी फारच दया आली.

पडदा बंद झाला. दारात त्रिंबककाका तसेच उभे होते. त्यांची आई जानकीबाई आयुष्यभर खरोखरीचा ऊस तोडून कमरेतून वाकलेली, आमच्या दारावरूनच रोज काठी टेकत जाते.

"सोफा उद्या न्या, त्रिंबकराव," अब्बा म्हणाले.

"न्हाई अशफाकभाई. आत्ताच नेतो."

एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं अब्बा, असा दोघांनी तो उचलून नेला. एरवी दोघे भेटले की गल्ली दणाणते. त्या दिवशी "जरा वळवा"सुद्धा कुणी म्हणालं नाही. अरमान शिव्या खायच्या तयारीनं कोपऱ्यात उभा होता. अब्बा परत आले, त्याला एवढंच विचारलं, "काम हुईल ना?" आणि हात धुऊन दुकानावर गेले. शीरखुर्मा कुणीच खाल्ला नाही.

काम झालं. अरमानला नोकरी लागली, चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला. त्यानं पेढा माझ्या तोंडापुढे धरला. "बघ आपा, झालं ना? उगाच तापलीस. कुणाचं काय गेलं?"

मी पेढा घेतला नाही. 

तो मुंबईला गेल्यावर एकदा मी दुकानावर डबा घेऊन गेले. म्हाळू नावाचा, अब्बांकडे नेहमी येणारा जुना ड्रायव्हर एका नव्या ड्रायव्हरला घेऊन आला होता. "चाचा, ह्याला जरा ते बोटाचं सांगा की. घोड्याचं."

अब्बा जाळी साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "कसला घोडा? उसात गेलं ते."

म्हाळू मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, आज किस्सा नवीन पद्धतीनं सुरू झालाय. तो पुढचं ऐकायला थांबला. अब्बा जाळी घासत राहिले, हसलेही नाहीत. शेवटी म्हाळूच ओशाळून बाहेर गेला.

"अब्बा," मी म्हणाले, "म्हाळूला तर खरं सांगायचं. तो कुठं बँकेतला हाय?"

"पाहुण्यांना जबान दिली, आफ्रीन," अब्बा म्हणाले. "आता दोन दोन बोटं कुठून आणू?"

मग त्यांनी हात पुसले, डबा उघडला आणि उजवा हात मांडीआड ठेवून चमच्यानं जेवायला बसले, डाव्या हातानं.