सोळाशे तीस

ब्लॉकचेनवर एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही, असं नोंदींचं ॲप देणाऱ्या कंपनीच्या सुदर्शनने आमच्या द्राक्ष गटाला सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. खोटं लिहिलेलं खोडता येतं का, हे कुणी विचारलं नाही.

फवारणी, तोडणी, क्रेट, सगळ्याची नोंद ज्याने त्याने आपल्या गुप्त नंबराने करायची. "नंबर असा ठेवा, की तुम्ही विसरणार नाही आणि दुसऱ्याला सुचणार नाही." आम्ही बेचाळीस जण शिवनेरीच्या पायथ्याचे. बेचाळीस जणांनी शिवजन्माचं साल ठेवलं. १६३०. प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यालाच सुचलं. मी गटाचा सचिव, इतिहासात एम.ए.; मलाही तसंच वाटलं.

फेब्रुवारीत कंटेनर भरायच्या दिवशी माझ्या बागेतल्या फवारणीला सहाच दिवस झाले होते. नियम तोडणीआधी पंधरा दिवस थांबायचा. ॲप माझा माल घेईना. शेजारच्या कुशाबाईंची तोडणी चालू होती. त्यांचं खातं काढलं, सहज माझाच नंबर दाबून पाहिला. उघडलं. माझे साठ क्रेट त्यांच्या नावावर गेले.

लॅबमध्ये औषधाचा अंश सापडला. कुशाबाईंच्या नावापुढे लाल खूण आली. बाग निर्यातीतून बाद.

त्या पॅकहाऊसवर आल्या. "मी पंधरा नाय, अठरा दिवस थांबले. अन् नंबर तर घरात बी सांगितला नाय."

"मावशी, चेन खोटं बोलत नाही," सुदर्शन म्हणाला.

मी क्रेटवरची धूळ पुसत होतो. क्रेट नवे होते.

तिसऱ्या दिवशी सभेत उभं राहून सगळं सांगून टाकलं. मग भिमाजीने विचारलं, "पण राव, तुमाला तिचा नंबर घावला कसा?"

"माझाच टाकून बघितला."

सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

सुदर्शनने सांगितलं, नोंद खोडता येणार नाही, खाली दुरुस्ती जोडता येईल. लाल खूण राहील. आणि आधी नंबर बदला.

कुशाबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. "चष्मा घरी ऱ्हायला. तुमीच टाका, भाऊ."

"वहिनी, निदान माझ्याकडे तरी देऊ नका."

"का? अजून साठ क्रेट उरल्यात व्हय? टाका."

मान वर करायची सोय नव्हती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी हळूच सांगितलं, "राज्याभिषेकाचं साल."

मी १६७४ टाकला. माझा सकाळीच, सभेला येण्याआधी टाकला होता. तोच.