खरवडलेलं कार्ड

आईच्या हातातल्या ताटात शेला होता, नारळ होता, आणि नारळाला टेकून ठेवलेलं सोनेरी रिबिनीचं निळं पाकीट. ते पाकीट दिसलं आणि निहारिका आईच्या वाटेत आडवी आली.

"आई, हे कुठून काढलंस?"

"पेटीतून. आणखी कुठून? सरक, वाटेत नको उभी राहूस."

पेटी म्हणजे पलंगाखालची पत्र्याची पेटी. घरात आलेला आहेर आई कधी वापरायची नाही. ब्लाउजपीस, स्टीलचे डबे, भैरवगडच्या छापाच्या चादरी, सगळं त्या पेटीत जायचं आणि पुढच्या लग्नामुंजीला दुसऱ्याच्या घरी. नियम एकच, ज्याने दिलं त्याच्याच दारात ते परत जाता कामा नये. कोणती चादर कोणाकडून आली हे आईला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं.

दिवाळीत प्रतिभामामीने हे गिफ्ट कार्ड दिलं, तेव्हा आईने उघडूनही न बघता ते पेटीत टाकलं. निहारिकाला वाटलं, झालं, आता हे तिथेच कुजणार. आईला ते वापरता येत नव्हतं आणि बाबा तर असल्या गोष्टींना चार हात लांबच. मग एका दुपारी तिने पाकीट हळूच उघडलं, कार्डामागची चंदेरी पट्टी नखाने खरवडली, आकडा मोबाइलमध्ये टाकला आणि पळायचे बूट मागवले. कार्ड परत पाकिटात, पाकीट परत पेटीत. आईने विचारलं तर सांगायला, बूट मैत्रिणीचे, ऋचाचे जुने. पेटीत काही कुजत नाही, एक ना एक दिवस सगळं बाहेर पडतं, एवढी साधी गोष्ट तिच्या टाळक्यात आलीच नाही.

आणि बाहेर पडायला दिवस कुठला निवडला, तर मोठ्या बहिणीच्या, देवश्रीताईच्या साखरपुड्याचा.

"कोणाला देऊन राहिलीस ते?"

"विहंगला. दिराचा मान असतो. आजकालच्या पोरांना शेल्याचं काय कौतुक, त्यांना हेच लागतं."

विहंग म्हणजे होणाऱ्या जिजूंचा, रुचिरचा, धाकटा भाऊ. देवासहून आल्यापासून त्या पोराने मोबाइलमधून मान वर केली नव्हती. त्याच्याकडे असलं एक अ‍ॅप होतं की वस्तूचा भाव पडला की टुणकन घंटी वाजायची. कुठल्या कुपनावर किती सूट, कुठे किती पैसे परत, सगळं तोंडपाठ. नाश्त्याला त्याने निहारिकाला हेडफोन दाखवले होते. "दुपारी सेल संपतो. अजून थोडा भाव पडू दे, घेतलेच समज."

म्हणजे पाकीट त्याच्या हातात पडायचीच खोटी होती. तो तिथल्या तिथे आकडा टाकणार.

"आई, मी देते ना त्याला. आण इकडे."

"तू? मान मोठ्यांनी द्यायचा असतो."

निहारिकाने रिबीन धरून ओढली. आईने दुसऱ्या हाताने तिच्या मनगटावर अशी चापट मारली की बांगड्या वाजल्या. "आज तरी तमाशा नको. शाळा सोडून आधीच नाक कापलंयस, उरलेलं राहू दे."

सांगून टाकावं असं एकदा ओठांवर आलं होतं. पण 'नाक' ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. बसा मग तुमचं नाक सांभाळत! तेवढ्यात मागून केटरिंगवाला आला. "दीदी, ठंडाई अभी लगा दूँ कि अंगूठी के बाद?"

"मेरे सिर पे लगा दो!"

तो बिचारा ट्रे घेऊन उलट्या पावली गेला. वळून बघते तर आई मंचावर पोचलेली, विहंगच्या कपाळाला कुंकू लागलेलं, आणि पाकीट त्याच्या मांडीवर.

माधव नगरातला तो हॉल काही मोठा नव्हता. खुर्च्यांमधून वाट काढत ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"विहंग, आत्ता नको उघडू हं. अपशकुन असतो."

"कोणी सांगितलं?"

"असतो. आमच्यात."

"आमच्यात नाही," तो म्हणाला आणि त्याच्या खिशात टुण वाजलं.

भाव पडला होता. विहंगचे डोळे चमकले. त्याने दाताने रिबीन सोडवली, कार्ड बाहेर काढलं, उलटं केलं. थांबला. अंगठ्याने मागची पट्टी चोळून पाहिली. चोळायला काही उरलंच नव्हतं.

"हे तर आधीच खरवडलंय."

"अरे, कारखान्यातूनच तसं येतं कधीकधी," निहारिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

त्याने तरी आकडा टाकला. मग मोबाइल रुचिरसमोर धरला आणि गळ्यात माइक असल्यासारखा म्हणाला, "दादा, बघ ना. हे कार्ड आधीच दुसऱ्याच्या खात्यात जमा झालंय म्हणे. रिकामं आहे."

गुरुजी अंगठ्यांचं तबक सरकवत होते. त्यांचा हात तसाच राहिला. अहल्याकाकू, रुचिरची आई, बाजूलाच बसली होती. तिने अंगठीची लाल डबी उघडली होती, ती टक् करून मिटली.

"रिकामं पाकीट?" काकू हळूच म्हणाली. हळू बोलण्याचाच धाक जास्त होता. "आमच्या देवासला मान देतात किंवा देत नाहीत. पण रिकामं पाकीट कोणी देत नाही हो."

देवश्रीताईने मान खाली घातली. मेंदीच्या हातांनी ती पदराचं टोक पिळत होती. रुचिर आपल्या आईकडे बघायचा, मग ताईकडे, मग परत आईकडे.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मग तिच्या तोंडून नको तेच निघालं. "अहो, मी कशाला रिकामं देईन? मला ते वहिनीने दिलं होतं दिवाळीत. जसंच्या तसं ठेवलं होतं मी."

म्हणजे एका वाक्यात दोन गोष्टी कळल्या. मान पेटीतला, आणि खोट वहिनीची.

सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. प्रतिभामामी तिथे बसली होती, सरकारी शाळेतली गणिताची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. निहारिकाने शाळा सोडली तेव्हा याच मामीने चारचौघांत विचारलं होतं, "आता काय करणार ही? पापड लाटणार?" तेव्हापासून निहारिका तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता ती मामीच्या मागच्या खांबापाशी येऊन उभी होती आणि मनात म्हणत होती, बरं झालं. बस आता उत्तर देत, बाई.

मामीने पर्समधून मोबाइल काढला. बोटाने वर वर सरकवत गेली. एका मेसेजवर थांबली. निहारिकाची नजर घारीची, तिला खांबाआडूनही वाचता आलं. आपण पाठवलेलं गिफ्ट कार्ड वापरण्यात आले आहे. खाली तारीख, दिवाळीनंतरच्या आठवड्यातली. म्हणजे देणाऱ्याला कळतं! मामीला तेव्हापासून माहीत होतं. आणि त्याच आठवड्यापासून निहारिका नव्या कोऱ्या बुटांत रोज सकाळी कोठी रोडवर पळायची, मामीच्या शाळेच्या रिक्षासमोरून.

आता मोबाइल वर करून दाखवला की संपलं.

मामीने मोबाइल बंद केला. पर्समध्ये टाकला.

"चूक माझीच आहे," ती उभी राहून म्हणाली. "दोन कार्डं मागवली होती. वापरलेलं चुकून ह्यांच्याकडे आलं. माफ करा."

"शिक्षिका ना तुम्ही?" अहल्याकाकू म्हणाली. "गणिताच्या?"

कोणीतरी फिसकन हसलं. मामीचे कान लाल झाले, पण ती तशीच उभी राहिली. आई जमिनीकडे बघत होती, आणि निहारिकाला स्पष्ट दिसलं की आईला सुटल्यासारखं वाटतंय.

झालं, ती सुटली होती. कोणीही तिला काहीही विचारणार नव्हतं. फक्त गप्प उभं राहायचं होतं.

पण हे काय? ही बाई माझ्यावर उपकार करणार? हीच? निहारिका वळली, दाराशी गेली, चपलांच्या ढिगात हात घालून आपले बूट ओढून काढले आणि तरातरा मंचावर येऊन ते पाटाशेजारी आपटले. अक्षता उडाल्या.

"हे घ्या तुमचं कार्ड! मी खरवडलं. मीच बूट घेतले. मामीचा काही संबंध नाही, तिला फुकट बोलू नका!"



"ऋचाचे जुने," आई पुटपुटली.

"माझे मोजे ह्याच्यासाठी गायब होत होते?" देवश्रीताई म्हणाली.

विहंग बुटांवर वाकला. त्याने कंपनीचं नाव वाचलं, मोबाइलमध्ये काहीतरी दाबलं. "दिवाळीनंतर घेतलेस? महागात पडले तुला. चार दिवस थांबली असतीस तर मोजे पण आले असते."

रुचिरला हसू आवरेना. त्याने खोकल्याचं सोंग केलं, ते साफ फसलं. मग ताईच्याही खांद्यांना हादरे बसायला लागले. अहल्याकाकू मात्र हसली नाही. ती निहारिकाकडे बघत राहिली, पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत.

"आधी ते बूट बाहेर ने," ती म्हणाली. "कुंकू आहे तिथे. अक्कल आहे का?"

"आहे," निहारिका म्हणाली.

"दिसतंय." काकू मामीकडे वळली. "मघाशी बोलले ते राहू द्या हं, मास्तरीणबाई." आणि गुरुजींना, "बघता काय? मुहूर्त जाईल." लाल डबी परत उघडली.

निहारिका बूट घेऊन दाराशी आली तर मामी तिच्या मागोमाग आलेली.

"मला दिवाळीपासून माहीत होतं," मामी म्हणाली. "वाटलं, सांगशील."

"नव्हतेच सांगणार."

"तेही माहीत होतं." मामीने चष्मा पुसला. "पापडाचं मी बोलायला नको होतं."

निहारिका बुटाच्या नाडीच्या गाठीशी उगाच झटत बसली. तेवढ्यात आई पदर खोचून आली. डोळे लाल, आवाज खाली. संध्याकाळी घरी काय होणार हे त्या आवाजातच कळत होतं.

"विहंगच्या हातात काहीतरी पडायला हवं. घरी पळ. पेटीत ते भिंतीवरचं घड्याळ आहे, ते आण. आणि ऐक, मागे कोणाचं नाव लिहिलेलं असेल तर खरवडून टाक."

"नाही खरवडणार," निहारिका म्हणाली. "मी आता काहीच नाही खरवडणार."

"ते घड्याळही मीच दिलेलं," मामी म्हणाली. "ठेव नाव तसंच."

आईने खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचला.

निहारिकाने बुटांत पाय घातले, घागरा मुठीत धरून गुडघ्यापर्यंत उचलला आणि घराकडे, टॉवरच्या दिशेने जी सुटली, ती वळणावरच्या रिक्षावाल्याने ब्रेक दाबून शिवी हासडली तरी थांबली नाही.