पालमला सुटलेली रेवाडी पॅसेंजर

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात पद्माकरांच्या कपाटात एकाहत्तर कॅसेट होत्या, आणि एकीतही गाणं नव्हतं. सगळ्यांत डिझेल इंजिनांची धडधड. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरांत इंजिनाचा नंबर, स्टेशन, तारीख. त्यांची बायको कुमुद पाहुण्यांना सांगायची, "आमच्या ह्यांना धुराचं व्यसन आहे, फक्त बिडी ओढत नाहीत."

त्या रविवारी त्यांच्या लाडक्या इंजिनाची रेवाडी पॅसेंजरवरची शेवटची फेरी होती. सोमवारपासून नवं इंजिन. नेमकी त्याच दिवशी कुमुदच्या भावाच्या, विश्वजितच्या, गुडगावातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. गुडगाववरूनच जाणाऱ्या त्या पॅसेंजरनं कुमुद यायला तयार झाली, पण एका अटीवर: मध्ये कुठंही उतरायचं नाही. पद्माकरांनी शपथ घेतली.

दिल्ली कँट स्टेशनवर ते शहाण्यासारखे गाडीत बसले. पुढच्याच स्टेशनवर, पालमला, मात्र राहवेना. इंजिन हलतानाचा आवाज फलाटावरूनच घ्यावा लागतो, हे बायकोला कितीदा सांगणार? "पाणी आणतो," म्हणत ते टेपरेकॉर्डर घेऊन पुढे धावले. भोंगा वाजला, काळा धूर उठला. पद्माकरांनी सुखानं डोळे मिटले. उघडले तेव्हा शेवटचा डबा निघून जात होता.

बसनं धक्के खात ते पोचले तेव्हा पंगत उठली होती. विश्वजित म्हणाला, "क्या बात है भावजी, इंजिन ढकलत आलात वाटतं!" तो स्टेशनवर घ्यायला आला होता, म्हणून कुमुद तरी वेळेत पोचली. ती मात्र पाठ फिरवून पंगतीची पानं उचलू लागली. पद्माकर मनातून टरकले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "लावा ती कॅसेट."

धडधड चढत गेली, आणि तिच्यावरून कुमुदचा आवाज: "अहो, चढा ना! पत्ता तुमच्या खिशात आहे! अहो!" आवाज रडवेला होता. तो लांब लांब जात विरला. फलाटावर पद्माकरांना यातलं काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी लेबलावर नंबर लिहिला, पालम, तारीख, आणि खाली 'कुमुद'.

कुमुदनं वाचलं. "मी इंजिनाच्या खाली?"

"इंजिन आधी सुरू झालं ना," पद्माकर पुटपुटले.

तिनं कॅसेट त्यांच्यापुढे सरकवली. तेव्हा पद्माकरांनी पेन उचललं. बहात्तर कॅसेटींत खाडाखोड आहे ती त्या एकीवरच.